गाडेकरांची सही

अंबादासराव गाडेकरांना कोणी नमस्कार केला की ते आधी मागे वळून पाहत. आपल्यामागे कोणी मोठा माणूस उभा नाही याची खात्री झाल्यावरच हात जोडत आणि लगेच विचारत, "काय काम काढलं?" काम काही नाही, सहज केला, असं सांगितलं तर त्यांचा चेहरा आणखीच काळजीत पडे. कोणी सहज काही करतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली आणि खरं सांगायचं तर मला तो माणूस अजिबात आवडला नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. जालन्यातल्या एका संस्थेच्या संगणक वर्गात मी तासिकेवर शिकवत होते. तासिकेवरच्या माणसाला दरवर्षी जूनमध्ये पुन्हा घेतील का, ही धाकधूक मार्चपासूनच सुरू होते. गाडेकर त्याच संस्थेच्या कार्यालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसत. त्यांचा हुद्दा कोणालाच नीट सांगता येत नव्हता. एक्याऐंशी सालापासून त्यांनी जालन्यातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. लग्नपत्रिका, बियाण्यांची माहितीपत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. पुढे संगणकावर मजकूर जुळवणं सुरू झालं, छापखान्याला कुलूप लागलं, आणि कोणाच्या तरी शब्दावर सचिवसाहेबांनी त्यांना संस्थेत ठेवून घेतलं. शिक्षण जुनी मॅट्रिक. इंग्रजी अक्षर न अक्षर ओळखायचे, पण वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा लागायचा नाही. त्याची त्यांना लाजही वाटत नसे.

"अर्थ कळला की डोळा पुढं पळतो, बाई," ते म्हणायचे. "न कळणारा माणूस बराबर वाचतो."

उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. ते ओळीखाली धरून सरकवत वाचायचे. खिशात दोन पेनं, एक लाल रिफिलीचं, एक निळ्या. बसस्टँडवर गेले तर आधी कंडक्टरला विचारत, गाडी कुठं चालली. मग पलीकडून फिरून जाऊन तोच प्रश्न ड्रायव्हरला. दोघांचं उत्तर जुळलं तरच चढत. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचत, वर दुकानदाराला आजची तारीख विचारत. कार्यालयातल्या लोकांनी त्यांची थट्टा करून करून शेवटी कंटाळून सोडून दिली होती. तपासलेल्या पानाच्या तळाशी ते उजव्या कोपऱ्यात बारीक सही करत. एक अक्षर जरी शंकेचं असलं तरी सही होत नसे, मग समोर कोणीही उभं असो.

आमच्या वर्गातले संगणक जुने होते, कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेले. त्यांवर विकतची प्रणाली टाकायची तर प्रत्येक यंत्राचा परवाना घ्यावा लागे आणि संस्थेला ते परवडत नव्हतं. मी सुचवलं की फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. पण आमच्या जुन्या यंत्रांवर चालेल अशी ती तयार मिळत नाही. तिचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर एकेक भाग स्वतः बांधायचा. आधी हत्यारं बनवायची, मग त्या हत्यारांनी घर. हे कसं करायचं ते सांगणारी एक इंग्रजी मार्गदर्शिका जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिली होती. सायबर कॅफेत बसून मी ती उतरवून घेतली, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली, आणि सचिवसाहेबांनी सवयीने तो गठ्ठा गाडेकरांच्या टेबलावर टाकला.

मला हसूच आलं. यांना यातलं काय कळणार? चौथ्या दिवशी गाडेकर माझ्या टेबलापाशी आले. हातात निळ्या रिफिलीने आखलेला एक तक्ता.

"बाई, हे नाव बघा. बेचाळीस पानावर हे मेलं."

"मेलं म्हणजे?"

"तुमीच सांगितलं ना, हा शब्द आला की पुढचं पुसून टाकायचं. पुसलं. मंग चव्वेचाळीस पानावर म्हणतेत, त्याच्या आत जा. मेलेल्याच्या आत कसं जायचं?"

प्रत्येक फोल्डर कुठे जन्माला येतो आणि कुठे पुसला जातो याची त्यांनी यादीच केली होती. अर्थ न कळता केली होती. मी पाहिलं, तर खरंच तसं होतं. ज्यांना काम येतं ती माणसं तो पुसलेला फोल्डर सवयीने पुन्हा तयार करत असणार, म्हणून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी त्या लोकांना पत्र पाठवलं, चूक गाडेकरांनी काढली हेही लिहिलं. पुढच्या आवृत्तीत पान दुरुस्त झालं, आणि आभारांच्या यादीत 'ए. गाडेकर, जालना' असं नाव आलं.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस हसेल. ते नाव छापलेलं पाहून त्यांना घाम फुटला.

"माझं नाव काहून टाकलं त्यांनी? मी काय मागितलं होतं का?"

"अहो काका, आभार मानलेत. फुकट काम करणारे लोक आहेत ते."

"एवढे लोक फुकट काम करून राह्यले? बिलकुल पटत न्हाई. उद्या काही निघालं तर म्हणतील, जालन्याच्या गाडेकरानं सांगितलं होतं." मग म्हणाले, "अन् ती दुरुस्ती कोणी तपासली? इचारा त्यांला."

मी विचारलं. त्यांचं उत्तर आलं की एका दुसऱ्या माणसाने तपासली. मग गाडेकरांनी त्या दुसऱ्या माणसाचं नाव मागितलं. मी ते पत्र पाठवलं नाही, पाठवलं असं खोटंच सांगितलं. ते त्यांना कळलं असावं, कारण त्या दिवसापासून माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलली.

दोन महिन्यांच्या खटपटीनंतर आमच्या वर्गात ती प्रणाली उभी राहिली. सचिवसाहेब खूश झाले. आष्टी, घनसावंगी आणि टेंभुर्णीला नव्या शाखा निघणार होत्या. ते म्हणाले, "बाई, आता याचं मराठीत पुस्तक करा. तिकडं कोणाला काही येणार न्हाई. पुस्तक समोर ठेवलं की यंत्र चालू झालं पाहिजे. गाडेकरांनी पानापानावर सही केली की छापायला टाकू." आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता हसत पुढे म्हणाले, "एकदा पुस्तक झालं की मंग माणसाचं काम न्हाई."

त्यांच्या लेखी तो विनोद होता. मला मात्र तो विनोद वाटला नाही. पुस्तक पूर्ण झालं की मी कशाला? तीन वर्षं तासिकेवर काढली होती, घरी वडील अंथरुणावर होते, आणि मला येणारी एकच गोष्ट मला कागदावर उतरवून द्यायची होती.

त्या बांधकामात एक जागा अशी येते की जुन्या हत्यारांकडून कारभार काढून नव्या हत्यारांकडे द्यावा लागतो. आमच्या जुन्या यंत्रांवर इंग्रजी मार्गदर्शिकेतली युक्ती चालायची नाही. एका फाईलमध्ये दोन ओळी हाताने बदलाव्या लागत. त्या दोन ओळी शोधायला मला दोन महिने लागले होते आणि त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. त्या न बदलता पुढे गेलं तरी यंत्र तक्रार करत नाही. दीड-दोन दिवस सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. अगदी शेवटी, नव्या प्रणालीवर यंत्र सुरू करायला जावं तर पडदा काळा. आणि चूक कुठे झाली ते कोणाला सापडत नाही.

मी त्या दोन ओळी पुस्तकात लिहिल्या नाहीत. विसरले नव्हते. मुद्दाम लिहिल्या नाहीत.

ज्याच्या मनात खोट असते त्याला सगळेच हेर वाटतात. मला गाडेकर सचिवसाहेबांचे कान वाटू लागले. ते माझ्या विद्यार्थ्यांना वऱ्हांड्यात एकेकट्याला गाठून विचारत, "बाई यंत्रापाशी बसल्यावर कागदात बघतेत का तोंडपाठ करतेत?" हे मला कळलं तेव्हा माझा संताप झाला. एका शनिवारी माझ्या हस्तलिखिताची मधली तीस पानं त्यांच्या टेबलावर नव्हती. शिपाई म्हणाला, काका कालच पिशवीत घालून घरी घेऊन गेले. मला वाटलं, संपलं. माझी पानं दुसऱ्या कोणाला दाखवतात, दुसऱ्याच्या नावावर छापतात, नाही तर सरळ साहेबांच्या बंगल्यावर नेतात.

रविवारी सकाळी मी विचारत विचारत जुन्या जालन्यात त्यांचं घर गाठलं. गल्लीच्या तोंडाशीच एका बाईचा आवाज ऐकू आला, एका सुरात, सावकाश.

"डॅश. डॅश. पी. आर. ई. एफ. आय. एक्स. बराबरचं चिन्ह. तिरपी रेघ. टी..."

ओट्यावर यमुनाबाई, गाडेकरांची बायको, मांडीवर इंग्रजी मार्गदर्शिका घेऊन वाचत होत्या. समोर गाडेकर माझ्या पानांतल्या इंग्रजी आज्ञांखाली नख सरकवत बसले होते. छापखान्यात प्रूफ असंच तपासत, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या कागदावर बघायचं. छापखाना बंद झाल्यावर वाचणारा राहिला नाही, म्हणून त्यांनी बायकोला अक्षरं शिकवली. यमुनाबाई चौथी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं आणि सगळी चिन्हं त्यांना यायची, एक शब्द मात्र येत नव्हता.

"या ना मॅडम, बसा," त्या म्हणाल्या. "हे म्हणले, कार्यालयात वाचून दावणारं कोणी भेटंना. दोन दिवस झाले, सैपाक करता करता वाचून राह्यले मी. यात कोणाचं लगीन हाय, का कोणाचं मरण, काही कळंना बगा."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. गाडेकर हसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बाई, आज रविवार. तुमी इकडं कशा?"

सहज आले, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पानं पिशवीत भरून ठेवली. चहा झाला, पण तोवर ती पिशवी त्यांनी गुडघ्याखालून हलवली नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी सही करायला हवी होती. मूळ प्रतीत जे होतं ते माझ्या पानांत होतं, जुन्या यंत्रांसाठी केलेले बाकीचे बदल समासात नोंदवलेले होते. पण गाडेकर सचिवसाहेबांना म्हणाले की मला हे करून बघायचंय. एक कोरं यंत्र द्या. त्यांच्या अटी ऐकून मी हबकले. पुस्तकात आहे तेवढंच टंकायचं, एक अक्षर जास्त नाही. लिहिणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही. "लिहिणारा समोर असला की तोंडानं न्हाई तर डोळ्यानं सांगतो," ते म्हणाले. आणि मधेच वीज गेली तर पुन्हा पहिल्या पानापासून. मी म्हटलं, अहो, जिथे थांबलं तिथून सुरू करता येतं. ते म्हणाले, "तसं पुस्तकात कुठं लिवलंय?"

जालन्यात तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. दहा-बारा दिवस ते एका बोटाने टंकत राहिले. तीन वेळा वीज गेली, तीन वेळा त्यांनी डिस्क पुसली. शेवटी काम तडीस गेलं आणि पडदा काळा झाला. त्यांनी एक शब्द न बोलता डिस्क पुसली, पुन्हा सगळं केलं, पुन्हा काळा पडदा. मी बाहेर तास घेत होते, पण माझं सगळं लक्ष त्या दारावर होतं.

तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा दुपारी ते वर्गात आले. विद्यार्थी जेवायला गेले होते. गाडेकरांनी दार लोटून घेतलं आणि बाकावर बसले.

"बाई, तुमी एक पायरी मागं ठिवली."

"राहिली असेल काका. बघते मी."

"राह्यलेली न्हाई. ठिवलेली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "राह्यलेली पायरी अलग दिसती. तिच्या मागं-पुढं माणूस अडखळतो, खाडाखोड असती. जिथं माणूस जाणून ठिवतो तिथं लिखाण लई साफ येतं. तुमच्या एकसष्ट पानावर एक खोड न्हाई."

मग त्यांनी मला त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

छापखान्यात लागून त्यांना पाच-सहा वर्षं झाली असतील. एका दुकानदाराने कपाशीच्या फवाऱ्याचं माहितीपत्रक छापायला दिलं. औषध किती पाण्यात घालायचं ते माप त्यात होतं, पण ते औषध आधी थोड्या पाण्यात कालवून गाळून घ्यायचं, हे दुकानदाराने लिहिलंच नाही. लोकांनी दुकानात येऊन विचारावं, म्हणजे आणखी चार वस्तू गळ्यात मारता येतील, हा त्याचा हिशेब. गाडेकरांनी प्रूफ वाचलं, सही केली. टेंभुर्णीला त्यांच्या थोरल्या भावाने ते पत्रक पाहिलं, खाली छापखान्याचं नाव पाहिलं. आपल्या अंबादासने वाचलेलं आहे, म्हटल्यावर विचारायला जायचं काय कारण? दोन एकर कपाशीची पानं करपून गेली.

"प्रूफ बराबर होतं, बाई. एक अक्षर चुकलं नव्हतं. दिवाळीला घरी गेल्तो, तर भावानं ते पत्रक ताटापाशी आणून ठिवलं. म्हणला, याच्या प्रूफावर तुझीच सही का? मी म्हणलो, हो. मंग तो जेवला न्हाई. मीबी न्हाई जेवलो." मग ते म्हणाले, "तवापासून मी मूळ प्रतीवर इश्वास ठिवत न्हाई. करून बघतो."

मी त्यांना म्हणाले, आणि अजूनही मला वाटतं की ते खरं होतं, "काका, त्या दुकानदाराचं पोट भरलेलं होतं. माझं तसं नाही. हे पुस्तक पुरं झालं की जूनमध्ये मला कोणी बोलावणार नाही. तुम्हाला माहितीये ते."

"माहिताय," ते म्हणाले. "म्हणूनच मला शक आला."

आणि उठून गेले. सचिवसाहेबांना सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले. आठवडा गेला, दुसरा गेला, बोलावणं आलं नाही. गाडेकर वऱ्हांड्यात भेटले की मान फिरवून जात. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि सहीही केली नव्हती. तिकडे शाखांची उद्घाटनं ठरत होती, आणि साहेबांचा राग हळूहळू गाडेकरांवर साचत गेला. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना एकदमच बोलावलं.

"दोन महिने झाले गाडेकर. मी काय समजायचं? बाई चुकीचं लिहिते, का तुमी काम लांबवून राह्यले? एक काही तरी सांगा."

गाडेकर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाईचं लिखाण साफ हाय साहेब. माझंच वाचन कमी पडून राह्यलं."

"मंग उपयोग काय तुमचा?"

"बराबर हाय, साहेब."

सोमवारपासून त्यांना आष्टीच्या शाखेवर जायला सांगण्यात आलं. तिथे अजून रंगही दिलेला नव्हता. यंत्रापाशी बसा, तिथेच काय वाचायचं ते वाचा, आणि जल्दी करा, असा हुकूम. त्या वयात त्यांनी आष्टीत एक खोली घेतली आणि यमुनाबाईंसह बिऱ्हाड हलवलं. मला जरा बरं वाटलं, हे लपवत नाही. डोळ्यासमोरून गेले, असं वाटलं. ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. त्यानंतर मात्र मला जेवण जाईना. हा माणूस माझ्यासाठी गप्प बसला, असं मनात घोळत राहिलं, आणि पुढच्या शनिवारी मी एका कागदावर त्या दोन ओळी लिहून आष्टीची बस धरली.

शाखा म्हणजे बाजाराच्या मागची पत्र्याची एक लांब खोली होती. गाडेकर यंत्रासमोर बसलेले, यमुनाबाई शेजारी खुर्चीवर पुस्तक घेऊन. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, नख ओळींखालून दोनदा नेलं आणि बाजूला ठेवला.

"काका, तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही? मला वाचवलंत..."

"तुमाला कशाला वाचवू?" ते खरंच चकित झाले. "सांगितलं असतं तर साहेबांनी तुमच्याकडून या दोन ओळी काढून घेतल्या असत्या. मंग तुमी दुसरीकडं तिसरी ठिवली असती. मारून मुटकून काढलेल्यावर माझा इश्वास न्हाई. तुमीच आणून दिलं तर जरा तरी."

यमुनाबाई पदराआड हसत होत्या. मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं. आठ दिवस मी या माणसाचं मोठेपण आठवून रडत होते, आणि याचा सगळा हिशेब प्रूफाचा!

त्यांनी डिस्क पुसली आणि मला बाहेर काढलं. मंगळवारी मी परत गेले तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. दाराबाहेर उभी राहून मी यंत्राचा आवाज ऐकत होते. बऱ्याच वेळाने गाडेकर बाहेर आले. मागे खोलीत पडद्यावर पांढरी अक्षरं उभी होती, नाव विचारणारी. चाललं होतं. सगळं चाललं होतं. मी हसले. ते हसले नाहीत. मला नीट न्याहाळत त्यांनी विचारलं, "आता दुसरी कुठली ठिवली?"

"कुठलीच नाही काका. आईशप्पथ."

"शपथ नका घेऊ. शपथ घेतली की मला जास्तीच शक येतो." मग जरा मवाळ आवाजात म्हणाले, "मी तुमाला वळखतो, बाई. पण टेंभुर्णीत जो वाचणार हाय तो कुठं वळखतो?" आणि आत जाऊन त्यांनी ती चालती प्रणाली, तीन दिवसांचं काम, माझ्या डोळ्यांदेखत पुसली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले.

महिन्याने पुस्तक आलं, माझी हस्तलिखित पानं सह्यांसकट होती तशीच छापलेली. एकशे चाळीस पानं, प्रत्येकाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात ती बारीक सही. एकसष्ट पानावर माझ्या दोन ओळी होत्या. तिन्ही शाखांवर यंत्रं सुरू झाली. आष्टीत किराणा दुकानातल्या एका माणसाने नुसतं पुस्तक बघून दोन यंत्रं उभी केली, असं सचिवसाहेब सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. आणि जूनमध्ये मला पत्र मिळालं की पुढील वर्षी तासिकांची आवश्यकता नाही.

औरंगाबादला एका ठिकाणी काम मिळण्यासारखं होतं. जाण्याआधी मी आष्टीला गेले. का गेले ते सांगता येत नाही. निरोप घ्यायला म्हणावं तर मनात राग होता, आणि त्यांना ते पत्र दाखवायचंच, असंही कुठेतरी ठरलेलं होतं. गाडेकर पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसून घनसावंगीहून आलेला प्रश्नांचा कागद वाचत होते.

"मला काढलं," मी म्हणाले.

"कोणी सांगितलं? कागद दावा."

मी पत्र दिलं. अंगठ्याचं नख पहिल्या ओळीखाली गेलं, शेवटच्या ओळीपर्यंत आलं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. तारीख पाहिली, जावक क्रमांक पाहिला, सही उजेडात धरून पाहिली. काही तरी चूक सापडावी म्हणून ते शोधताहेत हे मला कळत होतं. इतक्या दिवसांत त्यांना असं शोधताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी पत्राची घडी होती तशीच पुन्हा घातली.

"यात चूक न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"त्या दोन ओळी तुमच्यापाशीच राह्यल्या असत्या तर हा कागद आला नसता."

"नसता आला."

आत यमुनाबाई कोणाला तरी चिन्हांची नावं शिकवत होत्या. रस्त्यावर जीप येऊन थांबली, माणसं चढू लागली. मी पर्स खांद्याला लावली. गाडेकर माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. हे ते कधी करत नसत. जीपच्या दांडीला हात लावून त्यांनी खाली बघतच विचारलं, "बाई, मंग मी बराबर केलं का?"

"बरोबर केलं, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जीप हलली तरी ते बघतच होते. माझ्या त्या वाक्यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, आणि तो बसायला नकोच होता, कारण त्या दिवशी मीही ते मनापासून म्हटलं नव्हतं.